माझं गाणं घेऊन पंचफुला झरीला गेली

आधी आवाज आला. मला वाटलं, लांब कुठंतरी थ्रेशर सुरू झालं. मग सावरीच्या फांदीवरून काळं घोंगडं सुटावं तसं ते मोहोळ खाली आलं आणि आमच्या डफडेवाल्या बाबारावच्या हातातलं डफडं आगीत पडलं.

आग्या मोहोळाच्या माशा होत्या. पहिली माझ्या पापणीला चावली. दुसरी, तिसरी कळली, पुढच्या कळल्या नाहीत. अंगावर कोणी निखारे ओतावेत तसं झालं.

"पळा!" हमीदभाई ओरडला. हमीदभाई म्हणजे आमचा गिटारवाला. वय सत्तरीच्या पुढं, डावा गुडघा अधू. तो माझ्या शेजारच्या दगडावर बसून तारा लावत होता. त्यानं गिटारवरची गोधडी ओढली आणि लंगडत, पडत, नाल्याच्या काठाकडं निघाला. तिथं माझी जाऊ पंचफुला तोंड धूत होती. त्यानं गोधडी तिच्यावर टाकली आणि वरून स्वतः पडला.

माझ्यावर बाबारावनं त्याचं उपरणं टाकलं. मला खाली दाबलं आणि माझ्या पाठीवर वाकून राहिला. ते मला कळत होतं. पण उपरण्याच्या फटीतून मी पाहत होते हमीदभाईकडं. मी त्याच्या हाताच्या अंतरावर होते आणि ती वीस पावलं लांब. कानात माशा शिरत होत्या आणि मनात एवढंच होतं की तिला झाकलं, मला नाही.

प्रवासाचं लिहायचं तर खरं लिहावं. ती आग मी पेटवली होती.

आम्ही कोण, कशाला निघालो

मी गिरजा. बाभुळगावाजवळच्या गावची, चौथी पास. पंचफुला माझ्या धाकट्या दिराची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला एक गाणं धड येत नव्हतं. कापूस वेचताना मी म्हणायची आणि ती मागून ओढायची. मला माझ्या मायकडून आलेली गाणी किती आहेत ते मीच कधी मोजलं नाही. पंचफुलाला सहा येतात. त्यातलं एक, जे या सगळ्याच्या मुळाशी आहे, ते मीच तिला शिकवलं:

*पांढरं झालं रान माय, कोनाच्या वाट्याचं*
*माह्या ओटीत वझं माय, परक्या ताट्याचं*

ओटी म्हणजे वेचलेला कापूस टाकायला कमरेला बांधतो ते फडकं. ती भरत जाते तशी कंबर खाली ओढते.

हमीदभाई बोरी अरबचा. बाप पिंजारी होता, कापूस पिंजून गाद्या भरायचा. "पहिली तार म्या बापाच्या पिंजणीची ऐकली," हमीदभाई सांगतो. "टंव टंव. कापूस जास्त ओला असला का तार रडे, सुका असला का हसे. बाप कापसाले हात न लावता सांगे, ओला का सुका." पुढं तो ऑर्केस्ट्रात गेला. दारव्हा, दिग्रस, पुसद, गणपतीत एकही रात्र मोकळी नसायची. गिटार मांडीवर आडवी घेऊन वाजवतो, बोटांनी दाबत नाही. फवारणीच्या जुन्या पंपाची पितळी नळी कापून, घासून गुळगुळीत केली आहे. ती तारेवरून सरकवतो. त्यामुळं सूर पायरीनं चढत नाही, घसरगुंडीवरून घसरतो.

डीजे आले आणि ऑर्केस्ट्रा बसला. हमीदभाईनं बाभुळगावात टिनाच्या शेडमध्ये पंप, मोटारी दुरुस्त करायला घेतल्या. ज्या साली फवारणी करता करता विष चढून माणसं पडली, काहींचे डोळे गेले, काही मेली, त्या साली त्यानं फवारणीचे पंप दुरुस्त करणं बंद केलं. त्याच सुमारास कापसाचं पाहायला बाहेरदेशाचा कोणी माणूस आला होता. तेव्हा पुष्कळ येत. त्यानं हमीदभाईची गिटार ऐकली आणि मोबाइलमध्ये गाणी भरून दिली. अमेरिकेतले काळे लोक, तेही कापूस वेचणारे, त्यांची. त्याला ब्लूज म्हणतात. मला हमीदभाईनं ऐकवली. मला ती दात दुखणाऱ्या माणसासारखी वाटली. पण हमीदभाई म्हणाला, "भाभी, हे तं आपल्याच बाया गाऊन राह्यल्या!" आणि दुसऱ्या दिवसापासून तो आमच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन बसायला लागला. गिटार न घेता. नुसता ऐकायला.

बोंडअळीनं बोंडं पोखरली ते साल. कापूस कमी आणि कवडीच, म्हणजे किडका कापूसच, जास्त. आम्ही दोन ओळींतून वेचत होतो, मी पुढं, पंचफुला मागं. मला वाटलं, हा माझ्यासाठी येतो. साऱ्या बायांना तसंच वाटलं. मी आवाज मोकळा सोडला. चौथ्या दिवशी तो उठला, माझ्यावरून पुढं गेला आणि पंचफुलाला म्हणाला, "लहान्या भाभी, संध्याकाळी शेडवर या. थकल्यावर या. ताज्या नका येऊ."

फाल्गुनात झरी जामणीकडं एका संस्थेनं कापूस वेचणाऱ्या बायांचा मेळावा ठेवला. हमीदभाईला बोलावणं आलं. गिटार हमीदभाईची, डफडं बाबारावचं, गाणार पंचफुला. गाणं रेकॉर्ड होणार होतं. बाईमाणूस एकटं कसं पाठवायचं, म्हणून सोबतीला मी. सोबतीला! माझं गाणं, आणि मी पिशव्या धरायला.

त्या दिवसापासून मी पंचफुलाशी अबोला धरला.

यवतमाळ ते पांढरकवडा

यवतमाळच्या स्टँडवर तर्री पोहे खाल्ले. तर्री चांगली होती, पोहे शिळे. बसमध्ये खिडकीजवळची जागा गिटारला मिळाली, कारण तिला धक्का लागून चालत नाही. मला चालतो. अर्ध्या वाटेपर्यंत मी उभी होते, मग पंचफुलाशेजारची, दुसऱ्या खिडकीची जागा मला मिळाली.

कंडक्टरनं गोधडीत गुंडाळलेलं ते धूड पाहिलं. "ह्या कोन आजी झोपल्या? तिकीट?"

"आजी बिमार हाये," बाबाराव म्हणाला. "छातीत छेद हाये."

कंडक्टरनं गोधडी उचलून पाहिली. छेद होताच. तो हसला आणि पुढं गेला.

अबोला असला की आमच्याकडं तिसऱ्या माणसाच्या तोंडून बोलतात. शेजारी बसलेल्या जावा, पण मधे माणूस लागतो. तो माणूस बाबाराव झाला. बाबाराव आमच्याच गावचा, लग्नात, पोळ्याला त्याचंच डफडं. वय मोठं, दात कमी, तोंड चालू.

"बाबाराव, त्यायले सांगा, खिडकी लावा. थंडी वाजून राह्यली," पंचफुला म्हणाली.

"मोठ्या बाई, लहान बाई म्हणते खिडकी लावा."

"तिले सांगा, मले उमस होते."

"लहान बाई, मोठ्या बाईचं म्हणणं हाये का तू लय नाजूक."

"असं मी कुठं म्हणली?"

"मतलब तं तोच ना, माय."

हमीदभाई मोठ्यानं हसला. मला हसू आलं ते मी दाबलं. पंचफुला पुढं करंजी गावाच्या अलीकडं ओकली. पिशवी मीच धरली, पण बोलले नाही.

पांढरकवड्यापर्यंत दोन्हीकडं काळी रानं, उभी पराटी म्हणजे कापसाची झाडं, बोंडं तशीच वाळून काळी पडलेली. वेचायलाही कोणी गेलं नव्हतं. पुढं काळीपिवळी जीप केली. मग साग लागला, पानं झडलेला, आणि मधे मधे पळस, लालभडक.

पोडावर

मेळावा दुसऱ्या दिवशी होता. आमची उतरायची सोय जवळच्या पोडावर, शाळेच्या व्हरांड्यात केली होती. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. घरांच्या भिंती बांबूच्या विणलेल्या, वरून माती. आमच्याकडच्या सिमेंटच्या खोल्यांपेक्षा आत गार होतं, हे कबूल करावं लागेल. अंगण तर इतकं झाडलेलं की मला माझ्या घराची आठवण येऊन राग आला.

संध्याकाळी ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि आंबाडीची आंबट चटणी मिळाली. सगळे एकाच पंगतीत बसलो. वाढणाऱ्या बाईनं पहिलं ताट बाबारावसमोर ठेवलं. वाजवणारा माणूस म्हणजे पहिला मान, म्हणाली. बाबाराव ताटाकडं बघतच राहिला. आमच्या गावात त्याला ओसरीच्या खाली वाढतात. मीही तसंच वाढत आले आहे. तो जेवून उठला आणि म्हणाला, "हमीदभाई, मेळावा पंधरा दिवसाचा नाही का ठेवता येत?"

उजेड होता तोवर तालीम झाली. हमीदभाईची पद्धत मी तिथं पहिल्यांदा जवळून पाहिली. नाल्यातले गोटे आणून त्यानं पंचफुलाच्या ओटीत भरले. ओटी कमरेला बांधून तिनं वाकून उभं राहायचं आणि गायचं. "वझं असलं का श्वास खालून येते," तो म्हणाला. मग तिचा सूर ज्या ठिकाणी लागला तिथं त्यानं गिटारच्या तारा उतरवल्या. गाणारीनं तारेला धरून गावं, असं मी ऑर्केस्ट्रात पाहिलं होतं. हा उलटा माणूस. तारच बाईला जुळवतो.

तिनं पहिली ओळ म्हटली. आणि दुसरी विसरली. नेहमीच विसरते. तिथं ती नुसती "माय" म्हणून थांबते आणि तोंडानं हुं करते. मी मनात म्हटलं, आता फजिती. पण हमीदभाईनं त्या जागी पितळी नळी तारेवरून खाली ओढली आणि गिटार ती ओळ बोलली. शब्द नव्हते. पण परक्या ताट्याचं वझं मला ऐकू आलं. बाबाराव वाजवायचं विसरला.

हमीदभाई खूश झाला नाही. तेच एक वळण त्यानं चाळीस वेळा घेतलं असेल. चांगलं आलं की म्हणे, "हे सोडा, हे लय गोड झालं." गोड झालेलं तो फेकून देतो. मला तर त्यातलंच पहिलं आवडलं होतं.

मला राहवलं नाही. मी माझ्या लुगड्याचा पदर कमरेला बांधला, गोटे भरले आणि दोन्ही ओळी एका दमात म्हणून दाखवल्या. एक अक्षर चुकलं नाही. ताल सुटला नाही.

हमीदभाईनं गिटारवर हात ठेवला. "भाभी, तुमचा आवाज डांबरी सडक हाये. येकदम सरळ. खड्डा नाही."

"मंग?"

"मले पांदण पाहिजे. चिखलाची. तुमी गाण्यात कुठं जागाच सोडत नाही. लहान्या भाभी विसरतात तिथं मी घुसतो. तुमच्या गाण्यात मी कुठून घुसू?"

"म्हणजे विसरणाऱ्या बाईले मान, अन् जिले येते तिनं पिशव्या धराव्या."

"मान नाही भाभी. जागा."

"जागा असो का मान, मिळाली तं तिलेच ना?"

त्यानं पितळी नळी पुसायला घेतली. बाबाराव पंचफुलाला म्हणाला, "लहान बाई, मोठ्या बाई म्हणते..." मी त्याला गप्प केलं. हे सांगायला मला मध्ये माणूस नको होता. मी सरळ पंचफुलाकडं पाहून म्हटलं नाही, पण ऐकू जाईल असं म्हटलं, की उद्या हिचा घसा बसो. चौथी शिकलेली बाई, आणि असं बोलले.

सकाळ

सकाळी सरावाला नाल्याकाठी गेलो. काटसावर मोठी होती, फुलं लाल, खाली सडा पडलेला. हमीदभाई दगडावर बसला. बाबाराव म्हणाला, "मोठ्या बाई, पराटी पेटवून ठेवा, डफडं तापवतो." डफड्याचं कातडं आगीवर धरून ताणल्याशिवाय ते बोलत नाही. तो शाळेतून डफडं आणायला गेला.

मी धुमसत होते. कोणाच्या तरी शेतातल्या उपटलेल्या पराटीचा ढीग होता, त्यातली ओढली. सावलीत बसायचं म्हणून सावरीच्या बुडाशी रचली आणि पेटवली. ओलसर होती, धूर झाला. जंगलात आग पेटवताना आधी वर पाहावं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी वर पाहिलं नाही. मी पाहत होते पंचफुलाकडं, नाल्याकाठी मंजन घासत बसलेली, जशी काही इनामदारीण. बाबाराव आला आणि त्यानं डफडं आगीवर धरलं.

पुढचं मी आधीच सांगितलं.

आम्हाला एका कोलाम बाईनं सोडवलं. ओल्या गवताची पेटलेली पेंढी घेऊन धूर करत ती आली. बरोबर दोन माणसं घोंगड्या घेऊन. पंचफुला पाण्यात उतरायला धडपडत होती. "पाण्यात नको!" बाई ओरडली. "त्या वर बसून राहतात!" तिनं आम्हाला घोंगडीखाली घालून एका घरात कोंबलं आणि दार लावलं. घरातल्या अंधारात बाबारावची पाठ माझ्या हाताला लागली. पोत्यावरून हात फिरवावा तशी खरखरीत, काट्यांनी भरलेली होती. तो म्हणाला, "डफडं जळलं का?" जळलं होतं. मी नाही म्हटलं.

दवाखाना

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आम्हाला जीपनं नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, हात भराभर चालत होते. माझे काटे काढले ते मोजायला नर्सला वेळ नव्हता, आणि मलाही. हमीदभाईचे डोळे मिटलेले, बोटं केळ्यांसारखी सुजलेली. पंचफुलाची जीभ सुजून तोंडात मावत नव्हती. तिला नळी घातली. घसा बसो म्हटलं होतं मी. खरोखर बसला. डॉक्टरीणबाई म्हणाली, श्वास अडला तर काही सांगता येत नाही. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि माझ्या हातांना काय करावं ते कळेना, म्हणून मी पंचफुलाचं लुगडं धुवून टाकलं.

बाबारावला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. त्याच्या पाठीवर सगळ्यात जास्त काटे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. डॉक्टरीणबाई म्हणाली, एवढं विष या वयाच्या हृदयाला झेपत नाही. ती खरं सांगत होती. तिनं केलं ते सगळं मी पाहिलं.

पंचफुलाला तिसऱ्या दिवशी बोलता आलं. तिचे पहिले शब्द मला समजले नाहीत. मी कान जवळ नेला.

"मोहोळ म्या पाह्यलं होतं."

"कवा?"

"तुमी पराटी रचत होत्या तवा. तोंडात मंजन होतं. अन् तुमच्यासंगं बोलणं नव्हतं. म्हटलं, बाबाराव आला का त्याले सांगतो, तो तुमाले सांगन."

मी तिच्या ओठांवर ओला बोळा फिरवला.

"तो आला तं त्यानं सरळ डफडं धरलं. म्या गुळणी करून वर पाह्यलं, तं त्या सुटल्या होत्या."

"मले हाक काहून नाही मारली वं?"

"तुमी काहून नाही बोलल्या इतके दिवस?"

ते आमचं अबोल्यानंतरचं पहिलं बोलणं. दोघींमध्ये नेहमी बसायचा तो माणूस खालच्या खोलीत पांढऱ्या चादरीत होता. त्याला गावाकडं न्यायला त्याचा भाऊ निघाला होता.

मी त्याच्या भावाला सांगितलं, आग मी पेटवली. तो म्हणाला, "मोहोळाचं काय, बाई, ते कोनाच्या हातचं नसते." मला वाटलं होतं, तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

परत आल्यावर

मेळावा आमच्याशिवाय झाला. चैत्रात संस्थेची दोन माणसं मशीन घेऊन हमीदभाईच्या शेडवर आली. पंचफुलाचा आवाज खालच्या पट्टीत गेला आहे, जाडा, थोडा फाटका. डॉक्टर म्हणतात तो तसाच राहील. हमीदभाईनं ऐकला आणि सगळ्या तारा पुन्हा खाली उतरवल्या. तो आवाज त्याला आधीच्यापेक्षा जास्त आवडला. माझा शापसुद्धा तिच्याच कामी आला!

त्याची बोटं अजून पुरती मिटत नाहीत. नळी अंगठा आणि तळहातात धरतो. दुसरं डफडं आणायचं का, असं मशीनवाल्यांनी विचारलं. तो नाही म्हणाला. जिथं बाबारावची थाप पडायची तिथं तो हात उचलतो आणि तेवढा वेळ काही वाजवत नाही. मग पुढं जातो. मशीनवाले म्हणाले, वा. मला ते पटलं नाही. थाप होती तिथं थाप पाहिजे. पण हमीदभाईनं त्याच्यासाठी जागा सोडली, आणि मी शेडच्या दाराशी ओट्यावर बसले होते, आणि मला मेलेल्या माणसाचा हेवा वाटला. माझ्या गाण्यात पंचफुलाला जागा, बाबारावला जागा, गिटारला जागा.

गाणं मात्र त्यांनी पंचफुलाच्या नावानं घेतलं नाही. कोणाचं म्हणून लिहू, असं विचारलं तेव्हा पंचफुला म्हणाली, "आमच्या मोठ्या बाईच्या मायचं." मला ते नको होतं. मला गायचं होतं.

सावरीखाली आम्ही चौघं होतो. हमीदभाई, पंचफुला आणि मी वाचलो.